वर्षाची चटणी आणि रश्श्याचं सामान: कोल्हापूरच्या बाजारात काय बघून घ्यावं

कोल्हापुरात चटणी म्हटलं की नारळाची चटणी कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही. चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट. उन्हाळ्यात एकदा करायचं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं. आमटी, उसळ, मिसळीचा कट, वांग्याचं कालवण, तांबडा रस्सा, सगळ्यांत तीच पडते. मार्चमध्ये एका सकाळी बाजारात झालेली चूक मग वर्षभर रोज ताटात येते, म्हणून ही खरेदी घाईनं उरकू नये.

सगळ्यात आधी ओल ओळखायला शिका. मिरचीतली ओल, खोबऱ्यातली ओल, नव्या कांद्या-लसणातली ओल. ओला माल वजनाला भरतो, म्हणजे पाण्याचे पैसे तुम्ही मिरचीच्या भावानं मोजता. आणि तेच पाणी जुलै-ऑगस्टमध्ये बरणीच्या तोंडाशी बुरशी होऊन वर येतं. रंग, वास, तिखटपणा यांतलं थोडं कमीजास्त चालून जातं, ओल चालत नाही.

केव्हा आणि कुठं

नवी मिरची बाजारात जानेवारीपासून दिसायला लागते. पहिल्या आवकेवर धावू नका, ती बहुतेकदा पुरती वाळलेली नसते. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा खरेदीचा खरा काळ. त्यानंतर चार-पाच कडक उन्हं द्यायची आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत कुटून मोकळं व्हायचं. मेपर्यंत लांबवलं की वळीव गाठतो. गच्चीवर पसरलेली मिरची एका सरीत भिजली तर ती पुन्हा वाळते खरी, पण रंग काळपटतो आणि कुबट वास जात नाही.

मिरची, धने, खोबरं, तीळ, खडा मसाला हे सगळं लक्ष्मीपुरीत एका फेरीत होतं. कांदा-लसूण जास्त लागत असेल तर शाहू मार्केट यार्ड. आलं, कोथिंबीर, नारळ कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात. संकेश्वरी मिरचीच हवी आणि दोन-तीन घरं मिळून जास्त घ्यायची असेल, तर गडहिंग्लजची वाट धरायला हरकत नाही. तिथल्या बाजार समितीत या जवारी, म्हणजे गावरान मिरचीचे सौदे निघतात आणि निवडायला माल भरपूर असतो.

सकाळी जा, ऊन चांगलं वर आल्यावर. मिरचीच्या ढिगावर बऱ्याचदा लाल किंवा पिवळी ताडपत्री असते, तिच्या सावलीत कुठलीही मिरची लालबुंद दिसते. दिव्याच्या उजेडातही तसंच. "दादा, जरा मूठभर बाहेर घेऊन बघते," म्हणून उन्हात आणून बघा. चांगला माल असलेला दुकानदार कधीच आडकाठी करत नाही.

मिरची: रंग वेगळा घ्या, तिखट वेगळं घ्या

नवखा माणूस दुकानात जाऊन "चांगली तिखट आणि लाल मिरची द्या" म्हणतो. अशी एकच मिरची नसते. रंग देणारी मिरची तिखटाला मवाळ असते आणि तिखट मिरची रंगाला कमी पडते. म्हणून दोन-तीन जाती मिसळायच्या.

ब्याडगी रंगासाठी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावच्या नावानं ओळखली जाते, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. सालीवर बारीक सुरकुत्या, रंग गडद, काळसर लालीकडं झुकणारा, बिया कमी. तिच्यात दोन प्रकार मिळतात. डब्बी आखूड आणि फुगीर असते, रंग जास्त देते, भावही जास्त. कड्डी लांब आणि बारीक, थोडी तिखट. चटणीला दोन्ही चालतात. नुसता रंग हवा असेल तर डब्बीचे जादा पैसे वाया जात नाहीत.

संकेश्वरी चवीसाठी. लांब, सडपातळ, सुरकुतलेली, तिखट आणि वासाला खमंग. कोल्हापुरी चटणीची जी ओळखीची चव आहे ती हिच्यातून येते. हिची आवक ब्याडगीच्या मानानं थोडी, म्हणून हिच्या नावावर दुसरी लांबडी मिरची खपवली जाते. ओळखायची खूण अशी: संकेश्वरी हातात घेतली तर हलकी लागते, साल पातळ असते आणि मोडल्यावर वास लगेच नाकात चढतो. गुळगुळीत, जाड सालीची, एकसारख्या लांबीची मिरची कुणी संकेश्वरी म्हणून देत असेल तर पुढच्या दुकानात जा.

लवंगी किंवा गुंटूर निव्वळ तिखटासाठी. लवंगी लहान आणि बारीक, झणका मोठा. ती मिळाली नाही तर गुंटूर घ्या.

एक किलो मिरचीत ५०० ग्रॅम ब्याडगी, ३०० ग्रॅम संकेश्वरी आणि २०० ग्रॅम लवंगी, हे झणझणीत खाणाऱ्या घराचं प्रमाण. घरात लहान मुलं किंवा पित्ताचा त्रास असलेलं माणूस असेल तर लवंगी १०० वर आणा आणि ब्याडगी ६०० करा. रंग तोच राहतो, तिखट उतरतं. चार माणसांच्या घराला वर्षाला २ किलो मिरची पुरते. बाकी जिन्नस मिळून त्याची चार किलोच्या वर चटणी होते.

आता पारख. ढिगाच्या वरची मिरची बघू नका, हात कोपरापर्यंत आत घाला आणि तळातली मूठ काढा. आतला माल गार किंवा दमट लागला तर पोत्यावर पाणी मारलेलं आहे. वाळक्या मिरचीचा चुरा होऊ नये म्हणून पाणी शिंपडतात आणि वजनही वाढतं. मग एक मिरची कानाशी हलवा. वाळलेलीतल्या बिया खुळखुळतात, ओलीतल्या सालीला चिकटून बसतात. ती मधोमध वाकवा. लवंगी आणि गुंटूर कडकन मोडली पाहिजे. ब्याडगीची साल जात्याच चिवट, ती थोडी वाकेल, पण घडी घातल्यासारखी चिकटून राहिली तर ओली समजा. शेवटी चार-पाच मिरच्या उभ्या चिरून आत बघा. हे कुणी करत नाही आणि इथंच फसगत होते. बाहेरून लाल दिसणाऱ्या मिरचीच्या पोटात करडी-काळी भुकटी असेल तर ती बुरशी आहे. उन्हात टाकून, भाजून, तळून ती निघत नाही, आणि तिच्यातून तयार होणारं विष उष्णतेनंही पुरतं जात नाही. मुठीत अशी एक निघाली तर दुसरी मूठ काढा, पुन्हा निघाली तर तो माल सोडा.

पांढरे डाग पडलेली मिरची स्वस्त मिळते. तिच्यात रंगही नसतो आणि तिखटही नसतं, मोह टाळा. शीतगृहातली गेल्या सालची मिरची ओळखायची असेल तर देठ बघा. नव्या मिरचीचा देठ पिवळसर-तपकिरी असतो, जुन्याचा काळपट आणि ठिसूळ. शीतगृहातला माल बाहेर आल्यावर महिना-दीड महिन्यात रंग सोडतो, त्यामुळं वर्षाच्या चटणीला नकोच. मिरची फारच भडक, एकसारखी आणि चकचकीत दिसली तर तेलात बुडवलेला कापूस तिच्यावर घासा. किंचित नारिंगी छटा येणं ठीक, भडक गुलाबी-लाल डाग उमटला तर वरून रंग दिलेला आहे.

देठासकट घ्या. देठ काढलेली मिरची किलोला महाग पडते आणि देठाच्या भोकातून ओल व किडे आत शिरतात. घरी देठ काढून, ऊन देऊन किलोमागं १०० ग्रॅमपर्यंत तूट धरा. म्हणजे दोन किलो हवी असेल तर सव्वादोन किलो आणा.

खोबरं, धने, तीळ

एक किलो मिरचीला सुकं खोबरं २५० ग्रॅम, धने २५० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम.

खोबऱ्याची वाटी पूर्ण घ्या. तुकडे किंवा कीस घेऊ नका, कारण वाटीवर दोष दिसतो, किसात लपतो. आतून शुभ्र, पाठ तपकिरी, कडा कोरडी. मोडल्यावर टक्क आवाज आला पाहिजे. आतल्या अंगावर पिवळे तेलकट डाग म्हणजे खवटपणाची सुरुवात, काळे-हिरवे ठिपके म्हणजे बुरशी. फारच पांढरीफेक वाटी नाकाशी धरा. काडी पेटवल्यावर येतो तसा झोंबणारा वास आला तर तिला गंधकाची धुरी दिलेली आहे. एक कोपरा चावून बघितल्याशिवाय घेऊ नका, खवटपणा जिभेला लगेच कळतो. एक खवट वाटी सगळी चटणी खवट करते आणि ते तीन-चार महिन्यांनी कळतं, तेव्हा उपाय राहत नाही.

धने गावरान, बारीक आणि किंचित हिरवट घ्या. मोठे, पिवळेधमक धने दिसायला देखणे पण वासाला फिके. तळहातावर चोळून हुंगा. भोक पडलेला दाणा म्हणजे आत कीड.

तीळ पांढरे, पण पॉलिश न केलेले. तिळात खडा हमखास असतो, त्यामुळं घरी सुपात पाखडून घ्या. धुवायचे नाहीत.

खडा मसाला

हा भाग महाग, आणि थोडा-थोडा घ्यायचा असल्यानं वजनात आणि भेसळीत गंडवलं जाण्याची भीती इथंच जास्त. तयार 'चटणीचा मसाला' म्हणून बांधलेली पुडी सोयीची वाटते, पण तीत स्वस्त जिनसांचा भरणा असतो, तमालपत्र आणि दगडफूल भरपूर, लवंग आणि जायपत्री नावाला. सुटं घ्या, प्रत्येकाची पुडी वेगळी बांधून घ्या.

एक किलो मिरचीला लवंग, दालचिनी, काळी मिरी, मसाला वेलची, बाद्यान (चक्रीफूल), दगडफूल, शहाजिरं, तमालपत्र प्रत्येकी १० ग्रॅम. जायपत्री आणि नागकेशर ५-५ ग्रॅम. जिरं ५० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, मोहरी २५ ग्रॅम, मेथी ५ ग्रॅम, हळकुंड २५ ग्रॅम, खडा हिंग १० ग्रॅम. मेथी वाढवू नका, कडवटपणा वर्षभर पुरतो. तिरफळ काही घरांत घालतात. घालणार असाल तर ५ ग्रॅम पुरे, आणि आतलं काळं बी काढून टाका. वास टरफलात असतो, बी नुसतं कडू.

लवंगेच्या टोकाला गोल फूल शाबूत पाहिजे. नखानं दाबली की तेल सुटावं. तेल काढून घेतलेली लवंग सुकटलेली, हलकी असते आणि पाण्यात टाकल्यावर वर तरंगते, चांगली बुडते. मिरीतही पाणी कामाला येतं. पपईच्या वाळक्या बिया आणि पोकळ मिरी तरंगतात, भरलेली मिरी तळाला जाते. बाजारात पेला घेऊन जायचं नसेल तर आधी थोडी आणून घरी बघा, मग बाकीची घ्या.

दालचिनी म्हणून आपल्याकडं मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅसिया. चटणीला ती चालते. मोडल्यावर गोडसर तिखट वास आला पाहिजे, वास न येणारी साल दुसऱ्याच झाडाची असू शकते. मसाला वेलची फोडून बघा, आत काळ्या बिया चिकट आणि ओलसर असतात. इथं ही ओल चांगली, कारण ती तेलाची आहे. कोरडी भुकटी निघाली तर टाकाऊ.

दगडफूल वजनाला इतकं हलकं की १० ग्रॅमची मूठभर होते. दुकानदारानं चिमूटभर देऊन १० ग्रॅम म्हटलं तर काट्यावर बघा. एक बाजू करडी-पांढरी, दुसरी काळी. झाडाच्या सालीचे तुकडे चिकटलेले असतात ते वेचून टाकायचे.

खसखशीवर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या यादीत हिचा भाव डोळ्यांत भरतो. अफूच्या झाडाचं हे बी, आणि त्याची लागवड आपल्याकडं सरकारी परवान्यावरच होते. शिवाय बाहेरून मालही येतो. महाग असल्यानं हिच्यात रवा किंवा राजगिरा मिसळतात. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पसरा आणि मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघा. खसखशीचा दाणा मूत्रपिंडासारखा, एका बाजूनं किंचित आत वळलेला, आणि त्याच्या अंगावर जाळीची नक्षी असते. राजगिऱ्याचा दाणा गोल, चपटा, गुळगुळीत आणि चमकदार. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितले की पुन्हा कॅमेरा लागत नाही. रवा कळण्यासाठी चिमूटभर कोमट पाण्यात टाका, पाणी गढूळ होऊन कण फुगले तर रवा. जुनी खसखस खवट होते, म्हणून दोन दाणे चावून बघाच.

हळद पूड घेऊ नका, हळकुंड घ्या. सांगलीची हळद पन्नासेक किलोमीटरवर पिकते-विकते, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती सोडून डबाबंद पूड घ्यायचं काही कारण नाही. हळकुंड मोडून आतला रंग बघा, नारिंगी-पिवळा पाहिजे. बाहेरून लखलखीत पिवळं आणि आतून फिकं म्हणजे वरून रंग चोळलेला.

खडा हिंग म्हणून मिळतो तो बहुतेक बांधणीचा असतो, म्हणजे शुद्ध हिंगात डिंक आणि पीठ घातलेला. ती भेसळ नव्हे, तसाच विकायची रीत आहे, पण पीठ किती हे दुकानागणिक बदलतं. पाकिटावर हिंगाचं प्रमाण छापलेलं असेल तर वाचा. सुटा घेताना खडा हातात धरून कागदावर ठेवा, पाच मिनिटांनी कागदाला वास राहिला पाहिजे.

तयार पूडच घ्यावी लागली तर पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, ॲगमार्कची खूण आणि दळल्याची तारीख बघा. तीन महिन्यांपेक्षा जुनी मिरची पूड नको.

कांदा, लसूण, आलं

चटणीचं नाव यांच्यावरून आणि चटणी बिघडते तीही यांच्यामुळंच.

एक किलो मिरचीला कांदा ५०० ग्रॅम. कांद्यात जवळजवळ ८५ टक्क्यांवर पाणी असतं, म्हणजे हा अर्धा किलो उन्हात वाळून ७०-७५ ग्रॅमवर आला पाहिजे. तेवढा आला नाही तर तो वाळलेला नाही, कितीही कुरकुरीत वाटो. वाळल्यावर काट्यावर ठेवा, ही एक सवय लावून घेतली तर बुरशीची निम्मी तक्रार संपते. फेब्रुवारी-मार्चला बाजारात दोन प्रकार असतात. पावसाळी लागणीचा लाल कांदा पाणीदार, पातळ सालीचा, मान जाड आणि ओली. उन्हाळी कांदा फिकट, सालीच्या दोन-तीन पदरांचा, मान वाळून बंद झालेली. उन्हाळी घ्या. तो यायला मार्चचा शेवट उजाडतो, म्हणून कांदा मिरचीबरोबर घेऊ नका, आठ-पंधरा दिवस मागाहून घ्या.

लसूण २५० ग्रॅम, गावरान. पाकळी लहान, सालीला जांभळट-गुलाबी झाक, सोलायला किचकट, पण वास उभ्या घरात. मोठ्या पाकळीचा संकरित लसूण सोलायला सोपा आणि पाण्यानं भरलेला. नव्या लसणाचा दांडा ओला असतो, तो चार-पाच दिवस वाऱ्यावर टांगून मग वापरा.

आलं १०० ग्रॅम, सातारी मिळालं तर उत्तम. धुतलेलं, चकचकीत आलं घेऊ नका, माती लागलेलं घ्या. धुतल्यावर ते आठवड्यात सडायला लागतं. कोथिंबीर एक जुडी, घरी आणून सावलीत पूर्ण सुकवायची.

खडे मीठ २०० ते २५० ग्रॅम. मीठ कमी करू नका. ते चवीसाठी जितकं तितकंच टिकण्यासाठी आहे. आयोडीनचं बारीक मीठही चालतं, पण डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या यंत्रावर, खडे मीठ मिरचीबरोबर नीट कुटलं जातं. तळण्या-भाजण्याला शेंगतेल १५० मिलि पुरतं.

डंकावर नेताना सगळे जिन्नस वेगवेगळे भाजून, पुरते थंड करून न्या. गरम डब्यात वाफ धरते. आपल्या आधीच्या गिऱ्हाईकाची पूड उखळात राहिलेली असते, म्हणून पहिल्यांदा मूठभर खडे मीठ कुटून बाजूला काढायला सांगा. गिरणीपेक्षा डंक बरा, कारण गिरणीत पूड तापते आणि ब्याडगीचा रंग मंदावतो.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं सामान

हे वर्षाचं नव्हे, त्या-त्या दिवसाचं.

एक किलो मटणाच्या अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, दोन्ही रस्से निघतात. मटण बोकडाचं, हाडासकट घ्या. "मांडी, बरगडी आणि दोन नळ्या घाला," असं सांगा. रश्श्याला अंग नळीमुळं येतं. नुसतं मऊ मांस घेतलं तर सुक्कं छान होईल आणि रस्सा पाण्यासारखा. चरबी पांढरी आणि घट्ट असावी, पिवळट चरबी म्हणजे जनावर वयस्क. अळणीला हळद चिमूटभरच, नाहीतर पांढरा रस्सा पिवळा होतो.

पांढऱ्याला एक मोठा नारळ, खसखस दोन चमचे, तीळ एक चमचा, काजू दहा-बारा, आलं-लसूण, हिरवी मिरची, आणि अख्खी वेलची-लवंग-दालचिनी. नारळ हातात जड लागावा, हलवल्यावर पाणी वाजावं, आणि तिन्ही डोळे कोरडे असावेत. डोळ्यापाशी ओलसर डाग किंवा बुरा दिसला तर आतलं खोबरं लाल पडलेलं असतं. शहाळ्याच्या जवळचा कोवळा नारळ नको, त्याचं दूध पातळ निघतं. काजू चंदगड-आजऱ्याकडचा मिळतो. वाटायचाच आहे तेव्हा अख्ख्या मोठ्या काजूचे पैसे देऊ नका, तुकडा घ्या. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा खळखळ उकळू द्यायचा नाही, फुटतो. मंद आचेवर एक वाफ पुरे.

तांबड्याला वर्षाची चटणी तीन-चार चमचे, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, भाजलेला कांदा. तर्री कमी आली की लोक तेल वाढवतात. बहुतेक वेळा दोष ब्याडगीचा असतो, म्हणजे ती कमी पडलेली किंवा जुनी. चमचाभर ताजी ब्याडगी पूड तेलात मंद आचेवर सोडून वरून घाला.

भातासाठी आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर घ्या. आखूड, सुवासिक दाणा, २०१६ पासून त्यालाही मानांकन आहे. पांढऱ्या रश्श्यावर तो भात फार गोड लागतो.

मुलं परदेशात असतील तर

कुटलेली चटणी बरोबर देणं सगळ्यात बरं. पण संपल्यावर तिथल्या भारतीय आणि आशियाई सुपरमार्केटमध्ये काय शोधायचं हे लिहून द्यायला हवं, कारण तिथं पाट्या वेगळ्या आणि सारखे दिसणारे जिन्नस वेगळे.

भारतीय दुकानात ब्याडगी मिळाली नाही तर काश्मिरी मिरची पूड रंगाला चालते. युरोपी दुकानातली गोड पाप्रिका रंगाला चालेल, पण 'स्मोक्ड' लिहिलेली नको, रश्श्याला धुराचा वास येतो. कोरियन दुकानातली गोचुगारू लाल आणि मवाळ असते, रंगाला ठीक, तिखट धरू नका. लवंगीच्या जागी आशियाई दुकानातली लहान वाळकी थाई मिरची बसते. दगडफूल उत्तरेकडच्या दुकानात 'पत्थर फूल' आणि तमिळ दुकानात 'कल्पासी' नावानं मिळतं. बाद्यान चिनी दुकानात मुबलक असतं. सिचुआन पेपर तिरफळाच्या कुळातलीच, पण वास वेगळा, चटणीत घालू नये.

खोबऱ्याच्या जागी डेसिकेटेड कोकोनट घ्यायचं तर साखर न घातलेलं. नारळाच्या दुधाच्या डब्यावर नारळाचं प्रमाण वाचा, ६० टक्क्यांच्या वर असेल ते घ्या, 'लाइट' घेऊ नका. भारतीय दुकानाच्या फ्रीजरमधला खवलेला नारळ कोमट पाण्यात वाटून काढलेलं दूध डब्याच्या दुधापेक्षा केव्हाही सरस.

खसखस युरोपात बहुतेक ठिकाणी निळी-काळी मिळते. ती घातली की पांढरा रस्सा राखाडी होतो. भारतीय दुकानात 'पांढरी खसखस' मागा. आणि मुलगा-मुलगी सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती किंवा सौदी अरेबियात असेल तर बॅगेत खसखस देऊच नका. तिथं तिच्यावर बंदी आहे आणि विमानतळावर सापडली तर प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्यात जातं. त्यांच्यासाठी चटणी कुटतानाच वेगळा घाणा काढा, खसखशीऐवजी तीळ ५० ग्रॅम वाढवा, आणि बरणीवर तसं लिहून ठेवा, म्हणजे पाठवताना घरच्या बरणीशी गफलत होणार नाही.